शेवटचा फर्मा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. जिला सांगायला हवं होतं, ती आता नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर सांगितलं नसतं — मी तसलाच माणूस आहे, पुढे कळेलच.

भडंगापासून सुरू करतो.

गेल्या वर्षी थंडीत आम्ही दोघं पिक्चरला गेलो होतो. नगर रोडच्या मॉलमध्ये, दुपारचा खेळ. तिकिटं नातीने मोबाइलवर काढून दिली होती. दारावरची सिक्युरिटीवाली बाई पिशव्या उघडून बघते, बाहेरचं खायला आत नेऊ देत नाही. शालनने, म्हणजे माझ्या बायकोने, भडंगाचा डबा स्वेटरमध्ये गुंडाळून काखेत धरला होता. बाईने विचारलं, आजी, स्वेटर घालत का नाही? तर ही म्हणाली, आत थंडी वाजली की घालीन, इथे कशाला उगाच. आणि गेली की आत. अंधार झाल्यावर तिने माझ्याकडे न बघताच माझा हात ओढला आणि तळहातावर भडंगाची मूठ रिकामी केली. शेंगदाणे माझ्या वाट्याला जास्त. दात तिचे गेले होते, माझे शाबूत.

ती मूठ. आमच्यातली ती शेवटची साधी गोष्ट. त्यानंतर साधं काही राहिलं नाही. कुणी राहू दिलं नाही? मीच.

पिक्चर एका जुन्या कादंबरीवरचा होता. नाव सांगत नाही. पेशवाईतला काळ. सगुणा नावाची एक सरदाराची बायको आणि कागदपत्रं पोचवणारा एक जासूद, त्यांची गोष्ट. सरदार वाईट माणूस नाही. मारत नाही, पीत नाही, नुसता घुमा. दोन दोन दिवस बोलत नाही.

ती कादंबरी पहिल्यांदा छापली गेली तेव्हा तिचं बाइंडिंग मी केलं होतं. मी बाइंडर. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्या हातून गेलेली पुस्तकं किती, ते मला सांगता यायचं नाही. नारायण पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत काम, आतल्या खोलीत संसार. बाइंडरच्या बायकोला वेगळं काम नसतं. छापखान्यातून मोठा कागद येतो, दोन्ही बाजूंनी छापलेला, सोळा पानांचा. त्याला फर्मा म्हणतात. त्याला तीन घड्या घातल्या की पानं ओळीने लागतात. हे फर्मे मोडायचं काम शालनचं. हाडाच्या पट्टीने घडी दाबायची, बाजूला टाकायची, की दुसरा. हजार प्रती असल्या की एकाच फर्म्याच्या हजार घड्या.

ती सातवी पास होती. माझ्यापेक्षा तीन यत्ता जास्त. आणि वाचायची तिला फार हौस. छापताना शाई फिसकटलेला, डाग पडलेला एखादा कागद बाद होतो. तो ती आधी कापून वाचून काढायची आणि मग कामाला बसायची. या कादंबरीच्या वेळी तर तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. फर्मे एकदम येत नसत. छापून होतील तसे, आठवड्याला दोन, कधी एकच. मी सायकलवरून गठ्ठा आणला की ती दारातच विचारायची, पुढचा आहे ना हो? मी घड्या घालायचो आणि ती वाचायची. आमच्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. खरं सांगायचं तर त्या तीन महिन्यांत आम्ही एकमेकांजवळ जेवढे बसलो, तेवढे आधी बसलो नव्हतो.

तो सरदार दोन दिवस गप्प बसला, असं आलं की ती हसून म्हणायची, अगदी तुम्ही.

हसूनच म्हणायची. पण मला ते लागायचं. मी मान वर करायचो नाही. घडी दाबत राहायचो. आणि जासूद आला की तिचा आवाज बदलायचा — बदलायचा का? की मला वाटायचं? आता कोण सांगणार?

कादंबरी वीस फर्म्यांची होती. एकोणीस घरी आले. विसावा आणायला मी गेलो, आणि छापखान्याच्या बोळात सायकल लावून तो तिथेच उघडला. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्याआधी वाचत होतो. बोट ठेवून वाचायला मला अर्धा तास तरी लागला असेल. शेवटी सगुणा भीमेच्या काठावर येते, होडीत बसते आणि जासूदाबरोबर पलीकडे जाते. सरदार घोड्याचा लगाम धरून काठावर उभा. होडी लहान होत जाते. ती मागे वळून बघत नाही. संपलं.

मी तो गठ्ठा घरी नेला नाही. आमच्या ओळखीच्या एक बाई पलीकडच्या गल्लीत फर्मे मोडायच्या, त्यांच्याकडे टाकला. मोडलेले एकोणीस फर्मेही पुढे तिकडेच नेले आणि सगळी शिलाई तिथेच बसून उरकली. शालनला म्हणालो, छापखान्याला घाई होती, शेवटचा फर्मा त्यांनी परस्पर दुसरीकडे मोडायला दिला, शिलाईही तिकडेच करायचीय.

तिचं तोंड उतरलं. म्हणाली, तुम्ही तर बघितला असेल ना? काय होतं शेवटी?

आणि मी, ज्याला कधी गोष्ट म्हणून सांगता आली नाही, तो मी बसल्या जागी बोलून गेलो. म्हटलं, येते ती परत. होडी पाण्याच्या मध्यावर जाते आणि ती नावाड्याला सांगते, फिरव. घरी येते, तर नवऱ्याने दार उघडंच ठेवलेलं असतं. बोलत काहीच नाही तो. नुसतं दार उघडं.

तिच्या हातात कागद चिकटवायच्या खळीचा ब्रश होता. तो तसाच राहिला. म्हणाली, "दार उघडं. चांगलं लिहिलंय हो."

माझ्या कुठल्याही गोष्टीचं तिने तोवर असं कौतुक केलं नव्हतं.

पुढे तिने हट्ट धरला की मला हे पुस्तक हवं. विकत आणू म्हणाली, तर मी म्हटलं, विकत कशाला, मी बांधून देतो. बाद कागदांतून एकोणीस फर्मे जमवले, शिवले, उरलेल्या लाल कापडाचा पुठ्ठा केला. शेवटच्या फर्म्याच्या जागी चार कोरी पानं घालून शिवली. म्हटलं, विसावा मिळाला की बघू. ती म्हणाली, राहू दे, शेवट मला माहीत आहे. आणि त्या कोऱ्या पानांवर तिने तो शेवट लिहून काढला. मी सांगितलेला. एका बाजूला, ठसठशीत अक्षरात. खाली तारीख घातली आणि लिहिलं, ह्यांनी सांगितला तसा. मला आणून दाखवलं. मी म्हटलं, बरं आहे.

इथपर्यंत मला माफ करणारे तुमच्यात असतील. नवीन लग्न, मनात भीती, एक थाप. थांबा जरा.

दोनेक वर्षांनी पेठेतल्याच एका बालवाडीत तिला बाई म्हणून बोलावलं. सकाळचे तीन तास. मी नाही म्हटलं. कारण काय दिलं? म्हटलं, फर्मे कोण मोडणार? ती चार दिवस मागे लागली, पाचव्या दिवशी मी बोलणं बंद केलं. दहा दिवस. अकराव्या दिवशी तिने लहानग्याला कडेवर घेतलं, एक पिशवी भरली आणि लोणीला माहेरी निघून गेली. लोणी काळभोरला तिच्या भावाची शेती होती. भाऊ म्हणाला, राहा इथेच, आपल्या गावातल्या बालवाडीत तुझं काम करून देतो. करून दिलंही होतं त्याने. ती सोमवारपासून जाणार होती.

रविवारी ती परत आली. मला कुणी निरोप दिला नव्हता. मी खळ शिजवत होतो. करपली होती, वास कोंडला होता, म्हणून दार सताड उघडं टाकलं होतं. ती येऊन उंबऱ्यात उभी राहिली. उघड्या दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसली.

"दार उघडंच ठेवलंत होय," म्हणाली.

मी काय म्हणायला हवं होतं? खळ करपली म्हणून? मी गप्प बसलो. घुमाच मी. आणि तिला तेच बरोबर वाटलं, कारण माझ्या गोष्टीतला नवराही काही बोलत नाही.

नंतर एकदा फर्मे मोडताना सहज म्हणाली, त्या सगुणेला परत यायची लाज वाटली नाही, मग मला कसली वाटायची. दुसरा फर्मा ओढला आणि घडी घातली. पुढे पंचवीस-तीस वर्षं घालत राहिली.

आता कळलं? तिला मी घरी आणली नाही. माझ्या थापेने आणली. हे मला त्या रविवारीच कळलं होतं, आणि पुढची सगळी वर्षं मी त्या थापेच्या आत राहिलो. ती आत होती ते तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. बाहेर कसा पडणार? मी बाहेर पडलो असतो तर तीही पडली असती. मग? म्हणून दुकानाच्या काचेत ते पुस्तक दिसलं की मी रस्ता बदलायचो. नव्या आवृत्तीचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा हात दुखतोय म्हणून परत पाठवलं. पुढे मुलाने वाघोलीला फ्लॅट घेतला, पेठ सुटली, धंदा सुटला. मला वाटलं, सुटलो. आणि चाळीस वर्षांनी त्या पुस्तकाचा पिक्चर निघाला.

नातीने, ऋतुजाने, जाहिरात बघितली. आजीच्या तोंडून लहानपणापासून सगुणा ऐकलेली. तिकिटं काढली आणि आम्हाला दोघांनाच पाठवलं. मी म्हटलं, गुडघे दुखतात. शालन म्हणाली, गुडघ्याने बघायचा नाहीये.

भडंग संपलं. पिक्चर संपत आला. होडी निघाली. शालन पुढे सरकून बसली होती, पडद्यावरच्या बाईला सांगितल्यासारखं हळूच म्हणत होती, आता फिरव म्हण, आता. होडी लहान झाली. नावं सुरू झाली. दिवे लागले. ती तशीच बसून.

बाहेर मोबाइल आणि माइक घेऊन एक मुलगी उभी होती. पिक्चर बघून आलेल्यांना थांबवून, कसा वाटला, विचारत होती. कॉलेजातल्या दोन पोरी रडत होत्या, म्हणाल्या, असं प्रेम आता राहिलं नाही. एक गंध लावलेला माणूस तावातावाने सांगत होता की आपल्या इतिहासातल्या बायका अशा नव्हत्या. एका बाईंचं म्हणणं, नथ चुकीची दाखवलीय. एका म्हाताऱ्याला विचारलं, काका, काय आवडलं? तो म्हणाला, एसी. गारव्याला दोन तास छान झोप झाली.

मग माइक शालनपुढे आला. मी तिचा दंड धरून चालवत होतो. ती थांबली.

"शेवट बदललाय ह्यांनी," ती म्हणाली. "पुस्तकात ती परत येते. नवऱ्याने दार उघडं ठेवलेलं असतं. मी स्वतः ते फर्मे मोडलेत."

मुलगी खूशच झाली. म्हणाली, आजी, खरंच? तुम्हाला नक्की आठवतंय?

"न आठवायला काय झालं? ह्यांना विचारा. ह्यांनीच बांधलंय ते पुस्तक."

माइक माझ्याकडे आला. माझा हात तिच्या दंडावर होता. मी हसलो. हसलो, बरं का, ते त्या व्हिडिओत दिसतं. आणि म्हणालो, "तिचं मनावर घेऊ नका. वय झालंय. हल्ली विसरते ती."

तिचा दंड माझ्या हातात घट्ट झाला आणि मग सैल पडला.

हे लपलेलं नाही. हे अजूनही मोबाइलवर आहे, कुणीही बघू शकतं. संध्याकाळी जेवताना ऋतुजाने तेच लावलं. खाली लोकांनी मतं लिहिली होती, ती एकेक वाचून दाखवू लागली. काही जण म्हणत होते, आजी बरोबर आहेत, पैशासाठी शेवट बदलतात, इतिहासाची वाट लावतात. एकाने पुस्तकाच्या शेवटच्या पानाचा फोटोच टाकला होता. होडी, काठ, मागे न बघणं, सगळं होतं त्यात. त्याच्याखाली मग ऊतच आला. कुणी लिहिलं, आजीबाईंनी पुस्तक शिवलं, वाचायचं तेवढं राहिलं. कुणी लिहिलं, आजोबांची कमाल आहे, एवढी वर्षं हे ऐकत आलेत. एकीने लिहिलं, काही म्हणा, आजीचा शेवट जास्त चांगला आहे.

ते शेवटचं ऐकून मी पानावरून उठलो. पाणी प्यायला.

सून म्हणाली, आई, जाऊ द्या हो, होतं असं या वयात. मुलगा म्हणाला, बाबा, विसरते म्हणजे काय? कधीपासून? आम्हाला बोलला नाहीत. एक खोटं बोललो की दुसरं तयारच असतं. म्हटलं, झालं असेल वर्ष. कधी गॅस चालू राहतो, कधी किल्ली सापडत नाही. किल्ली माझी सापडत नसे. गॅस कधीच चालू राहिला नव्हता.

शालन शांत होती. म्हणाली, "माझ्या पुस्तकात लिहून ठेवलंय मी. तेव्हाचं आहे, तारखेसकट. उद्या फिरून आले की पेटीतून काढते. मग बघा." पेटी पलंगाखाली मागे सरकवलेली होती, तिला वाकवत नव्हतं.

ऋतुजा म्हणाली, काढच आजी, आपण पण फोटो टाकू.

पुढचं आधी सांगतो. मला त्या सकाळकडे यायचं नाहीये, म्हणून असेल.

पुढे तिला डॉक्टरकडे नेलं. त्याने तिला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, उलटे आकडे म्हणायला लावले. तिने सगळं बरोबर केलं. डॉक्टर म्हणाला, काळजीचं तसं काही नाही, पण लक्ष ठेवा. मग सगळ्यांनी लक्ष ठेवलं. सुनेने मायेनेच केलं, तिला बोल लावत नाही. पण गॅसपाशी जायचं नाही झालं, खाली एकटीने फिरायला जायचं नाही झालं. फ्लॅटच्या दाराला आतून वर कडी बसवली, तिचा हात पोचणार नाही अशी. जिने उघड्या दाराच्या गोष्टीवर आयुष्य काढलं, तिच्या दाराला. तिने कुरकुर केली नाही. गॅलरीत बसून राहायची. कुणी काही विचारलं, जेवलात का, गोळी घेतली का, काल कोण आलं होतं, की ती माझ्याकडे बोट दाखवायची. ह्यांना विचारा.

आठ महिन्यांनी न्यूमोनियाने गेली. माझ्यामुळे मेली असं मी म्हणत नाही. न्यूमोनियाने गेली. दवाखान्यात नर्सने नाव विचारलं, तेव्हा स्वतःचं नाव सांगायच्या आधी तिने माझ्याकडे बघितलं. बरोबर आहे ना, असं. मी मान हलवली, मग तिने सांगितलं.

आता ती सकाळ.

शालन सहाला उठून सोसायटीतल्या बायकांबरोबर फिरायला जायची. तासभर. मुलगा-सून झोपलेले असत. ती गेली, लिफ्टचा आवाज झाला, आणि मी पलंगाखालून पेटी ओढली. गुडघे दुखले नाहीत. लाल कापडाचं पुस्तक जुन्या पातळात गुंडाळलेलं होतं. मागून उघडलं. चार पानं. शाई तपकिरी झालेली, अक्षर ठसठशीत. दार उघडंच होतं. ह्यांनी सांगितला तसा.

नुसती फाडली असती तर कळलं असतं. फाटलेल्या पानाची मुळं शिलाईत राहतात. कुणीही बोट फिरवून सांगेल की इथे पान होतं. पण मी बाइंडर आहे. पुठ्ठ्याला चिकटवलेला कागद मी ओल्या फडक्याने सोडवला. शेवटच्या घडीतला दोरा कापला, चार पानं सबंध बाहेर काढली. दोऱ्याचं टोक एकोणिसाव्या फर्म्यात मागे घेतलं आणि तिथे गाठ मारली, मूळची असावी तशी. गव्हाच्या पिठाची चमचाभर खळ शिजवली. ती करपू दिली नाही. पुठ्ठ्याचा कागद परत बसवला, वरून सुनेची इस्त्री कोमट करून फिरवली. बारा वर्षं मी दाभणाला हात लावला नव्हता. हाताला सगळं आठवत होतं. काम झाल्यावर पुस्तक उजेडात धरून बघितलं आणि — हेही सांगून टाकतो — मला बरं वाटलं. काम बेमालूम झालं होतं.

त्या चार पानांची मी आपोआप नीट घडी घातली, कडा जुळवून. ओल्या कचऱ्याच्या बादलीत तळाशी घातली, वर चहाचा चोथा आणि कोथिंबिरीच्या काड्या. सात वाजता कचऱ्याची गाडी येते, बादली मीच खाली घेऊन गेलो. परत आलो, पेटी जागेवर सरकवली, चहा टाकला.

ती आली. चप्पल काढली, हात धुतले, मला म्हणाली, जरा पेटी ओढून देता का? मी ओढून दिली. तिने पातळ सोडलं, पुस्तक मांडीवर घेतलं, मागून उघडलं.

एकोणिसाव्या फर्म्याचं शेवटचं पान, मग पुठ्ठा. तिने शिलाईच्या खोबणीत अंगठा फिरवला. आयुष्यभर फर्मे मोडलेला अंगठा तो. मला वाटलं, कळणार हिला. खळ ओली लागणार. अंगठा वरून खाली गेला आणि खालून वर आला. तिला कळलं नाही.

"अहो," ती म्हणाली, "मी लिहिलं होतं ना इथे? तुम्हाला दाखवलं होतं."

घरातली सगळी झोपलेली होती. कॅमेरा नव्हता, माइक नव्हता, माणसं नव्हती. आम्ही दोघंच.

मी म्हणालो, "कधी गं? मला तर नाही आठवत."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पत्ता चुकलेला माणूस बघतो तसं. मग पुस्तक मिटलं, पातळात गुंडाळलं आणि पेटीत ठेवलं. मी तिच्या हातात चहाचा कप दिला. तिने एक घोट घेतला आणि थांबली.

"साखर घातलीय ना यात?" तिने मला विचारलं.

घातली नव्हती. गडबडीत राहून गेली होती.

मी म्हणालो, "घातलीय."

तिने मान हलवली आणि सगळा चहा पिऊन टाकला.